पॅरलल पोर्टच्या केबलने जुन्या संगणकातील फाईल्स काढताना आधी केबल ओळखा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे ३८६ प्रोसेसरचा एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर एमएस-डॉस ६.२२ आहे, त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलेला आहे आणि हार्ड डिस्कवर सुमारे ८० मेगाबाइट महत्त्वाच्या फाईल्स आहेत. दुसरा संगणक पेंटियमचा असून त्यावर एमएस-डॉस ६.२२ आणि विंडोज ३.११ आहे. दोन्ही टोकांना २५ पिनांचे मेल कनेक्टर असलेली एक केबल त्यांनी दोन्ही प्रिंटर पोर्टांना, म्हणजे पॅरलल पोर्टांना, जोडली, डॉसमधील इंटरलिंक (केबलने जोडलेल्या संगणकाच्या डिस्क्स वापरू देणारा प्रोग्राम) सुरू केले, पण दोन्ही संगणक एकमेकांना ओळखत नाहीत. पोर्ट खराब झाला असावा का, असे त्यांनी विचारले आहे.

पोर्ट खराब असणे अशक्य नाही, पण माझा पहिला संशय केबलवर आहे, आणि ती केबल तपासून होईपर्यंत पुन्हा जोडू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोन्ही टोकांना २५ पिनांचे मेल कनेक्टर असलेल्या निदान तीन प्रकारच्या केबल्स सर्रास आढळतात आणि बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात. पहिली सरळ केबल, जिच्यात १ नंबरची पिन १ ला, २ नंबरची २ ला, अशा सर्व पिना जशाच्या तशा जोडलेल्या असतात; ती प्रिंटरच्या स्विच-बॉक्ससाठी किंवा स्कॅनरसाठी बनवलेली असते. दुसरी सिरीयल पोर्टची, आणि तिसरी खरी फाईल-ट्रान्सफरची, जिला सगळे लॅपलिंक केबल म्हणतात. ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअर या कंपनीने १९८३ मध्ये लॅपलिंक हा प्रोग्राम आणला आणि पुढे त्याचेच नाव या केबलला चिकटले. सरळ केबलने दोन संगणक जोडले की एका पोर्टचे आउटपुट थेट दुसऱ्या पोर्टच्या आउटपुटला भिडते. एक बाजू ५ व्होल्ट देत असताना दुसरी बाजू तीच तार शून्यावर ओढत राहते आणि पोर्टमधील चिपवर नको तितका भार पडतो. पुष्कळ पोर्ट हा भार थोडा वेळ सहन करतात, सगळेच करतील असे नाही, आणि जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील चिप बदलणे सोपे नसते.

सिरीयल पोर्टबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पीसीच्या मागे २५ पिनांचा फीमेल कनेक्टर, म्हणजे छिद्रांचा, हा पॅरलल पोर्ट असतो आणि २५ पिनांचा मेल कनेक्टर हा सिरीयल पोर्ट असतो. सिरीयल पोर्टच्या तारांवर अधिक-उणे १२ व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो, तर पॅरलल पोर्ट ५ व्होल्टच्या तर्कावर चालतो. जोड बदलणारा अडॅप्टर लावून हे दोन एकमेकांना जोडण्याचा प्रयत्न कधीही करू नये. काही यंत्रांवर अगदी तसाच २५ छिद्रांचा स्कझी (डिस्क, स्कॅनर वगैरे जोडण्याचा) पोर्टही असतो, त्यामुळे केवळ आकार पाहून केबल लावू नये.

आता खरी केबल कशी असते ते पाहू. मूळ आयबीएम पीसीचा १९८१ चा पॅरलल पोर्ट प्रिंटरकडे आठ बिट एकदम पाठवू शकत होता, परंतु त्या आठ तारांवरून परत काही वाचण्याची सोय त्यात नव्हती. प्रिंटरकडून येणाऱ्या मात्र पाच तारा होत्या: कागद संपला, प्रिंटर कामात आहे, प्रिंटर निवडलेला आहे, चूक झाली आणि अक्षर मिळाले, एवढे सांगण्यापुरत्या. फाईल-ट्रान्सफरची केबल या पाच तारांचाच उपयोग करून घेते. एका संगणकाच्या डेटाच्या पहिल्या पाच तारा दुसऱ्या संगणकाच्या या पाच स्थितिदर्शक तारांना जोडायच्या, आणि उलट दिशेनेही तसेच करायचे. या पाचांपैकी चार तारांवरून माहितीचे चार बिट जातात आणि पाचवी तार ‘पाठवले’, ‘मिळाले’ अशी खूण करण्यासाठी वापरली जाते. म्हणून प्रत्येक बाइट दोन अर्ध्या तुकड्यांत जातो. पुढे १९८७ च्या आयबीएम पीएस/२ पासून दोन्ही दिशांनी चालणारे पोर्ट आले आणि १९९४ मध्ये आयईईई १२८४ या मानकाने ईपीपी आणि ईसीपी या वेगवान पद्धतींना एका नियमात बसवले, पण चार-चार बिटांची ही पद्धत सर्वांत जुन्या पोर्टवरही चालते आणि म्हणूनच ती आपल्या उपयोगाची आहे.

जोडणी अशी आहे. पहिल्या टोकाची २ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या १५ ला, ३ नंबरची १३ ला, ४ नंबरची १२ ला, ५ नंबरची १० ला आणि ६ नंबरची ११ ला. त्याचप्रमाणे पहिल्या टोकाची १५ दुसऱ्या टोकाच्या २ ला, १३ ही ३ ला, १२ ही ४ ला, १० ही ५ ला आणि ११ ही ६ ला. शेवटी २५ ही २५ ला, म्हणजे ग्राउंड. एकूण अकरा तारा. येथे दोन ठिकाणी हात चुकतो. एक तर १४ नंबरची पिन या रचनेत येतच नाही, पण १५ नंतर १४ घ्यावी असे हाताला सहज वाटते. दुसरे म्हणजे क्रम १५, १३, १२ असा उतरत येतो आणि मग ११ न येता आधी १० येतो. स्वतः केबल बनवणाऱ्यांच्या बहुतेक चुका मला या शेवटच्या दोन तारांतच सापडल्या आहेत.

हातातील केबल मल्टिमीटरने तपासण्यास दहा मिनिटे लागतात. मीटर कंटिन्यूइटीवर, म्हणजे बीप वाजणाऱ्या स्थितीवर ठेवा. मेल कनेक्टर पिनांच्या बाजूने, रुंद कड वर धरून पाहिला की वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे १ ते १३ आणि खालच्या ओळीत १४ ते २५ असे नंबर येतात. डाख लावण्याच्या बाजूने हाच क्रम उलटा दिसतो. बऱ्याच कनेक्टरांवर पिनांशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात. भिंगातून ते पाहून घ्यावेत. पहिल्या टोकाच्या २ वर एक टोचणी ठेवून दुसरीने दुसऱ्या टोकाच्या सर्व पिनांवरून फिरावे. बीप फक्त १५ वर वाजली पाहिजे. ती २ वर वाजली तर ही सरळ केबल आहे. तेथेच थांबावे आणि ती या कामातून बाद करावी. बीप योग्य ठिकाणी वाजत असेल तर बाकीच्या दहाही तारा याच पद्धतीने तपासाव्यात, शेजारच्या पिनांशी कुठे शॉर्ट नाही हे पाहावे, आणि प्रत्येक तार तपासताना केबल कनेक्टरच्या मुळाशी हलकीशी वाकवावी. हे वाकवणे मी अनुभवाने शिकलो. एकदा प्रत प्रत्येक वेळी वेगळ्याच फाईलवर थांबत होती आणि संपूर्ण संध्याकाळ मी हार्ड डिस्कवर संशय घेत राहिलो. शेवटी एक तार आवरणाच्या आत तुटलेली निघाली. केबल सरळ असताना ती टेकायची आणि जरा बाक आला की सुटायची. काही विकत मिळणाऱ्या केबल्समध्ये वेगवान पद्धतींसाठी जास्तीच्या तारा असतात. वर दिलेल्या अकरा तारा बरोबर असतील आणि डेटाच्या पिना डेटाच्या पिनांना जोडलेल्या नसतील, तर अशी केबलही चालते.

नवी केबल बनवायची झाल्यास लांबी तीन मीटरच्या आत ठेवावी आणि शील्ड असलेली तार घ्यावी. जोडताना दोन्ही संगणक बंद असावेत आणि दोन्ही एकाच अर्थिंग असलेल्या पट्टीवर लावलेले असावेत. दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला तरी तो फरक नेमका या केबलच्या ग्राउंडमधून वाहतो.

केबल खरी ठरली आणि तरीही संगणक एकमेकांना ओळखत नसतील, तर मग पोर्ट तपासण्याची वेळ येते. त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही, कारण डॉसबरोबर आलेला डीबग हा प्रोग्राम पुरेसा आहे. दोन्ही संगणक सुरू होताना एफ५ दाबून कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या फाईल्स वगळाव्यात, म्हणजे इंटरलिंकचा ड्रायव्हर मध्ये येणार नाही. डीबगमध्ये डी हे अक्षर देऊन ४०:८ हा पत्ता पाहिला की पहिल्या दोन बाइटांत पहिल्या पॅरलल पोर्टचा पत्ता उलट्या क्रमाने दिसतो. ७८ आणि ०३ दिसले तर पत्ता ३७८ आहे. काही यंत्रांत तो ३बीसी किंवा २७८ असतो. दोन्ही बाइट शून्य असतील तर बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या अंगच्या प्रोग्रामला, पोर्ट सापडलेलाच नाही, आणि मग त्याच्या सेटअपमध्ये तो बंद केलेला आहे का हे पाहावे लागेल.

पत्ता ३७८ धरून चालू. पहिल्या संगणकावर ओ या आज्ञेने ३७८ वर ०० लिहावे आणि दुसऱ्यावर आय या आज्ञेने ३७९ वाचावे. उत्तर हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीत, दोन अंकांत येते. आपल्याला पहिला अंक पूर्ण आणि दुसरा फक्त ‘८ पेक्षा लहान की नाही’ एवढाच पाहायचा आहे, कारण शेवटच्या तीन बिटांचा या केबलशी संबंध नाही. ०० पाठवल्यावर पहिला अंक ८ आणि दुसरा ८ पेक्षा लहान आला पाहिजे. सर्व तारा शून्यावर असूनही ८ का, तर ‘प्रिंटर कामात आहे’ ही तार पोर्टच्या आतच उलटवलेली असते. मग ०१ पाठवावा: पहिला अंक ८ च राहतो, पण दुसरा ८ किंवा त्याहून मोठा होतो. ०२ पाठवल्यावर पहिला अंक ९, ०४ पाठवल्यावर ए, ०८ पाठवल्यावर सी आणि १० पाठवल्यावर ० येतो, आणि या चारही वेळा दुसरा अंक ८ पेक्षा लहान असतो. १एफ पाठवल्यावर पाचही तारा वर जातात. तेव्हा पहिला अंक ७ आणि दुसरा ८ किंवा त्याहून मोठा दिसतो. यानंतर संगणकांच्या भूमिका बदलून हेच पुन्हा करावे.

या चाचणीत ०० ची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. बहुतेक पोर्टांत कुठेही न जोडलेली तार आपोआप वरच राहते, म्हणून तुटलेल्या तारेवर ‘एक’ पाठवून तो ‘एक’ दिसला तर त्याला काही अर्थ नसतो. ती तार शून्यावर येते का, हे पाहिल्यावरच दोष उघड होतो. कोणता अंक चुकला यावरून नेमकी कोणती तार किंवा कोणता बिट गेला हे लगेच कळते. डीबगमध्ये या तीन आज्ञा आणि बाहेर पडण्यासाठीचा क्यू यांखेरीज काहीही टंकू नये, विशेषतः डब्ल्यू, कारण तो थेट डिस्कवर लिहू शकतो.

पेंटियमच्या सेटअपमध्ये पोर्टची पद्धत निवडता येते. आपल्या चार बिटांच्या कामासाठी एसपीपी, म्हणजे मूळची साधी पद्धत, किंवा दुतर्फा पद्धत निवडावी. ईसीपी ठेवूनही बहुधा काम होते, पण दोष शोधत असताना शक्य तितके कमी घटक हलते ठेवलेले बरे.

आता इंटरलिंक. मायक्रोसॉफ्टने ते १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० बरोबर दिले. त्याचे दोन भाग आहेत आणि डॉसच्या आठ अक्षरांच्या मर्यादेमुळे दोघांच्याही स्पेलिंगमधील काही अक्षरे गाळलेली आहेत, त्यामुळे आज्ञा टंकताना नाव डिरेक्टरीत पाहूनच टंकावे. इंटरसर्व्हर हा भाग ज्या संगणकाच्या डिस्क्स द्यायच्या आहेत त्यावर चालतो आणि इंटरलिंक हा भाग ज्या संगणकावरून त्या वापरायच्या आहेत त्यावर चालतो. प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत लॅपटॉपला सर्व्हर करावे असे माझे ठाम मत आहे. इंटरसर्व्हर थेट प्रॉम्प्टवरून चालतो, त्यासाठी कॉन्फिग फाईल बदलावी लागत नाही, म्हणजे ज्या डिस्कवरच्या फाईल्स वाचवायच्या आहेत तिच्यावर एकही अक्षर लिहावे लागत नाही. इंटरलिंकचा ड्रायव्हर मात्र कॉन्फिग फाईलमध्ये घालावा लागतो. तो बदल पेंटियमवर होऊ द्यावा. सर्व्हरला सुमारे १३० किलोबाइट आणि क्लायंटला १६ किलोबाइट मोकळी मेमरी लागते, ती अडचण सहसा येत नाही.

पेंटियमच्या कॉन्फिग फाईलमध्ये डिव्हाइसची ओळ अगदी शेवटी घालावी, म्हणजे आधीच्या ड्राइव्हांची अक्षरे सरकत नाहीत. त्या ओळीत दोन पर्याय द्यावेत. एक, फक्त पॅरलल पोर्ट शोधण्याचा. तो दिला नाही तर ड्रायव्हर सिरीयल पोर्टही चाचपतो आणि त्यावर माऊस असल्यास तो गडबडतो. दुसरा, ड्राइव्हांच्या संख्येचा. ठरीव संख्या तीन आहे, आणि लॅपटॉपवर ड्राइव्हस्पेसने (डिस्कवरील माहिती दाबून जागा वाढवणाऱ्या डॉसच्या सोयीने) दाबलेली डिस्क असेल तर ए, बी, सी यांच्याखेरीज तिची मूळ डिस्कही वेगळ्या अक्षराने दिसते, म्हणून पाच द्यावी. सीडी-रॉम आणि नेटवर्कवरचे ड्राइव्ह इंटरलिंकमधून देता येत नाहीत.

दोन्ही संगणक बंद असताना केबल लावा, आधी लॅपटॉप सुरू करून त्यावर इंटरसर्व्हर चालवा आणि मग पेंटियम सुरू करा. विंडोज ३.११ च्या आतील डॉस खिडकीतून हे करू नये. विंडोजमधून पूर्ण बाहेर पडावे. लॅपटॉपच्या पडद्यावर डाव्या बाजूला त्याचे स्वतःचे ड्राइव्ह आणि उजव्या बाजूला पेंटियमवर त्यांना मिळालेली अक्षरे दिसतात. उजवी बाजू रिकामी राहिली तर पेंटियमवर इंटरलिंक ही आज्ञा एकटी द्यावी. ती जोडणी पुन्हा शोधते. लॅपटॉप या काळात दुसरे काहीही करत नाही, आणि ऑल्ट-एफ४ दाबेपर्यंत तो सर्व्हरच राहतो. त्याचे वीज वाचवण्याचे सर्व पर्याय आधीच बंद करून ठेवावेत. प्रत चालू असताना लॅपटॉपने डिस्क झोपवली की जोडणी तुटते आणि अर्धवट फाईल मागे राहते.

एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. पेंटियमवर दिसणारा लॅपटॉपचा ड्राइव्ह केवळ वाचण्यासाठी नसतो. त्यावर लिहिता येते आणि त्यातील फाईल पुसताही येते. म्हणून प्रॉम्प्ट त्या ड्राइव्हवर नेऊन ठेवू नये. पेंटियमच्या स्वतःच्या डिस्कवर एक रिकामी डिरेक्टरी करून तिच्यात उभे राहावे आणि लॅपटॉपचा ड्राइव्ह फक्त ‘कोठून’ या जागी लिहावा. फॉरमॅट, चेकडिस्क, डीफ्रॅग, अनडिलीट यांसारख्या आज्ञा अशा ड्राइव्हवर चालत नाहीत.

प्रतीसाठी एक्सकॉपी वापरावी, आणि तिला उपडिरेक्टऱ्यांचा व रिकाम्या डिरेक्टऱ्यांचा असे दोन्ही पर्याय द्यावेत. डॉस ६.२२ ची एक्सकॉपी लपवलेल्या आणि सिस्टिम फाईल्स सोडून देते आणि त्याची सूचनाही देत नाही. डिर आज्ञेला लपवलेल्या फाईल्सचा आणि सर्व उपडिरेक्टऱ्यांचा पर्याय देऊन त्यांची यादी आधी पाहावी; त्यांत कामाचे काही असेल तर ती वेगळी घ्यावी. माझा सल्ला असा, की पहिल्याच फेरीत संपूर्ण डिस्क घेण्याचा मोह टाळावा. वर्षानुवर्षे न फिरलेली डिस्क आज चालली म्हणून तासाभराने चालेलच असे नाही, म्हणून ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही अशा डिरेक्टऱ्या सर्वांत आधी घ्याव्यात. त्याच कारणाने लॅपटॉपवरच फाईल्स दाबून एकत्र करण्याच्या मी विरोधात आहे. त्यात ३८६ चा वेळ जातो आणि जी डिस्क जपायची तिच्यावरच लिहिले जाते.

वेग किती मिळेल, याचा अंदाज आधीच असावा, म्हणजे संयम सुटत नाही. प्रत्येक अर्ध्या बाइटासाठी प्रोसेसरला लिहिणे, वाट पाहणे, वाचणे आणि खूण परत देणे हे सर्व स्वतः करावे लागते, म्हणून वेग दोन संगणकांपैकी मंद असलेल्यावर ठरतो. सेकंदाला ४० किलोबाइट मिळाले तर ८० मेगाबाइटला सुमारे ३४ मिनिटे लागतात; निम्माच वेग मिळाला तर तासाच्या थोडे वर. लहान-लहान फाईल्स असंख्य असतील तर त्याहून अधिक. सिरीयल केबलवर १,१५,२०० बिट प्रति सेकंद हा वेग टिकला, तरी प्रत्येक बाइटमागे दहा बिट जात असल्यामुळे सेकंदाला ११,५२० बाइट पडतात आणि त्याच फाईल्सना दोन तास लागतात. फ्लॉपी ड्राइव्ह चालू असता तरी १.४४ मेगाबाइटच्या किमान ५८ फ्लॉप्या लागल्या असत्या.

सिरीयल केबलचा एक उपयोग मात्र सांगण्यासारखा आहे. जुन्या संगणकावर इंटरलिंकच नसेल आणि फ्लॉपीही चालत नसेल, तर इंटरसर्व्हरला आरकॉपी हा पर्याय देऊन सात तारांच्या सिरीयल केबलवरून तो स्वतःला दुसऱ्या संगणकावर पाठवू शकतो. त्यासाठी त्या संगणकावर डॉसची मोड ही आज्ञा असावी लागते; पुढे कोणत्या दोन ओळी टंकायच्या ते इंटरसर्व्हर पडद्यावर दाखवतो. पॅरलल केबलवरून हे होत नाही. इंटरलिंकच्या बाबतीत एका बाजूला डॉस ६ असले की दुसऱ्या बाजूला ३.० किंवा त्यापुढचे कोणतेही डॉस चालते, त्यामुळे ही वाट बऱ्याच जुन्या यंत्रांना उपयोगी पडते.

डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरला का जोडू नये, असेही अनेकजण विचारतात. डिस्क १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातली असेल तर तो मार्ग उत्तम आहे. पण ३८६ च्या काळातील पुष्कळ आयडीई डिस्क्सना एलबीए ही पत्त्याची पद्धत समजत नाही आणि बहुतेक यूएसबी अडॅप्टर फक्त तीच बोलतात. डिस्क फिरते, पण काहीच दिसत नाही. त्याहून जुन्या एमएफएम प्रकारच्या डिस्क्सना तर असा अडॅप्टर जोडताच येत नाही. शिवाय जुन्या लॅपटॉपच्या आतील चपट्या केबल्स कडक होऊन तडकलेल्या असतात. आत हात घालण्याआधी बाहेरून जे मिळेल ते मिळवावे. त्याच ओघात हेही, की यूएसबीवरून प्रिंटरचा पोर्ट देणारे अडॅप्टर या कामाला उपयोगी नाहीत. ते फक्त प्रिंटरशी बोलतात. पोर्टच्या तारा एकेक करून हलवण्याची आणि वाचण्याची मुभा देत नाहीत.

दोन्ही बाजूंना विंडोज ९५ किंवा ९८ असेल तर त्यातील डायरेक्ट केबल कनेक्शन याच केबलवर चालते आणि लांब नावे जशीच्या तशी येतात, जी डॉसमधून नेल्यास आठ-तीन अक्षरांत तोडली जातात. त्यासाठी डायल-अप नेटवर्किंग बसवलेले असावे, दोन्हीकडे निदान एक समान प्रोटोकॉल असावा, दोन्ही संगणकांची नावे वेगळी पण वर्कग्रुप एक असावा, आणि होस्टवर फोल्डर शेअर केलेले असावे. नेटब्यूई हा प्रोटोकॉल येथे सर्वांत कमी त्रास देतो. जोडणी झाल्यावर होस्ट दिसत नसेल तर त्याचे नाव हाताने टंकावे. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये हीच सोय डायरेक्ट पॅरलल या नावाने नेटवर्क जोडण्यांत आहे. मात्र त्या प्रणाली डॉसच्या प्रोग्रामांना पोर्टला थेट हात लावू देत नाहीत, म्हणून तेथे डॉस खिडकीतून इंटरलिंक चालवण्याचा प्रयत्न करू नये.

एका बाजूला लिनक्स असेल तर त्यातील प्लिप ही सोय याच केबलवर एक लहानसे नेटवर्क उभे करते, आणि डॉसच्या बाजूने ‘क्रिनवर’ या संग्रहातील प्लिपचा पॅकेट ड्रायव्हर (डॉसला नेटवर्कशी जोडणारा लहान प्रोग्राम) तिच्याशी बोलतो. लिनक्सवर प्रिंटरचे एलपी मॉड्यूल आधी काढावे लागते आणि पोर्टला इंटरप्ट, बहुधा ७ क्रमांकाचा, दिलेला असावा. ज्यांना नेटवर्कच्या पत्त्यांची सवय आहे त्यांच्यासाठी हा फार भरवशाचा मार्ग आहे. प्रश्नकर्त्यांना मात्र त्याची गरज नाही, कारण त्यांच्या दोन्ही संगणकांवर लागणारे सर्व काही आधीच आहे.

प्रत पूर्ण झाल्यावर केबल लगेच काढू नये. फाईल्सची संख्या आणि एकूण आकार दोन्ही बाजूंना जुळतो का ते पाहावे, आणि महत्त्वाच्या डिरेक्टऱ्यांवर एफसी ही आज्ञा बायनरी पर्यायासह चालवून मूळ आणि प्रत यांची बाइटागणिक तुलना करावी. तुलनेत फाईल पुन्हा केबलवरून येते, म्हणून तिला जवळपास प्रतीइतकाच वेळ लागतो. एखादी फाईल जुळली नाही तर ती पुन्हा घेऊन पुन्हा तुलना करावी: फरक वेगळ्या जागी आला तर दोष केबलचा आहे, आणि वाचतानाच डॉसने चूक दाखवली तर डिस्कवरची ती जागा गेलेली आहे. तुलना जुळल्यावर पेंटियमवरून एक प्रत आणखी एखाद्या माध्यमावर घ्यावी. त्यानंतर लॅपटॉपवर ऑल्ट-एफ४ दाबून सर्व्हर थांबवावा, आणि बंद करण्याआधी सेटअपमध्ये जाऊन हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. अशा यंत्रांची सेटअप जपणारी बॅटरी बहुधा संपत आलेली असते, आणि ते आकडे गेले की पुढच्या वेळी धडधाकट डिस्कही लॅपटॉपला सापडत नाही. मग दोन्ही संगणक बंद करावेत आणि त्यानंतरच केबल काढावी.